यंत्र कुणाच्या हातात?

(कपिलधार येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



विषय ठरला तेव्हा एकानं मला विचारलं, "अहो, कपिलधारला वैद्यकीय उपकरणांवर व्याख्यान? तिथं लोक मन्मथस्वामींच्या समाधीला येतात, धबधबा बघायला येतात. तिथं यंत्राचं काय?" मी म्हटलं, तिथंच बोलायला पाहिजे. कारण कार्तिक पौर्णिमेला इथं काय होतं ते तुम्ही दरवर्षी बघता. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या पायी येतात. साठीच्या, सत्तरीच्या बायका आठ-आठ, दहा-दहा दिवस चालून बालाघाटाच्या या कुशीत उतरतात. पहाटेची थंडी असते, गर्दी असते, उतार-चढ असतो. त्या गर्दीत एखादी म्हातारी मटकन खाली बसली, छातीला हात लावला, तर पहिली दहा मिनिटं तिच्याजवळ कोण असतं? डॉक्टर नसतो. तिच्या दिंडीतली दुसरी म्हातारी असते, एखादा स्वयंसेवक पोरगा असतो. बीडचं जिल्हा रुग्णालय इथून वीसेक किलोमीटरवर. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून अभिमानानं सांगतो, ते त्याच्याही कितीतरी पुढं.

तर आजचा माझा प्रश्न साधा आहे. रुग्णावर लक्ष ठेवणारी आणि जीव वाचवणारी जी यंत्रं शोधली जातात, ती या दहा मिनिटांसाठी शोधलेली असतात का?

मी काही संशोधक नाही. मी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. त्यामुळं माझी नजर जरा वाकडी आहे. संशोधकाला यंत्र पहिल्या दिवशी दिसतं. मला ते बंद पडल्यावर दिसतं.

आपल्याकडं पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर प्रत्येकजण करतो. यंत्राची समीक्षा मात्र कुणी करत नाही. पेपरात बातमी येते: अमुक तरुणानं स्वस्त यंत्र बनवलं, तमुक विद्यार्थिनीला पारितोषिक. आपण टाळ्या वाजवतो आणि विसरतो. आज मी तीन-चार यंत्रांची समीक्षा करणार आहे. कौतुकही करीन, दोषही दाखवीन. निकष एकच ठेवतो: हे यंत्र कुणाच्या हातात असेल असं शोधणाऱ्यानं मनात धरलं होतं, आणि प्रत्यक्षात ते कुणाच्या हातात आलं?

मणी आणि वाळू

सुरुवात आपल्याच राज्यातून करू, गडचिरोलीतून. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली आणि गावागावांत लहान मुलं कशानं मरतात हे मोजायला घेतलं. मोठं कारण निघालं न्यूमोनिया. आता न्यूमोनिया ओळखायला काय लागतं? शहरात म्हणाल, एक्स-रे. पण त्याची एक फार सोपी खूण आहे, श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका. त्याहून मोठं, पण वर्षाच्या आतलं असेल तर ५०.

म्हणजे घड्याळ बघा आणि मोजा. झालं? नाही झालं. कारण गावात बाळाजवळ असते ती सुईण. ती शाळेत गेलेली नाही. तिला साठपर्यंत मोजता येत नाही, आणि घड्याळाचा काटाही वाचता येत नाही. इथं बहुतेक संशोधक काय म्हणाले असते? "तिला शिकवा" किंवा "तिच्या जागी शिकलेली बाई नेमा." बंग यांनी उलटं केलं. तिला जे येतं तिथून सुरुवात केली. तिला दहापर्यंत मोजता येतं ना? मग बस्स.

त्यांनी एक श्वासमापक बनवला. एका चौकटीत एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेवर ओवलेले मणी. घडी उलटी करायची, बाळाच्या पोटाकडं बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. वाळू आधी संपली, तर नाही.

यात काय काय नाही ते बघा. बॅटरी नाही, पडदा नाही, आकडा नाही. इंग्रजी तर नाहीच. मला दुरुस्त करायला काही ठेवलंच नाही या माणसानं! वाळू आणि मणी बिघडणार कसे?

पण समीक्षा म्हणजे नुसती आरती नव्हे. मर्यादा सांगतो. रडणाऱ्या, ताप चढलेल्या बाळाचा श्वास तसाही वाढतो. दमेकरी मुलाचा वाढतो. मग गरज नसताना औषध जाऊ शकतं. खोकल्यावर प्रतिजैविक गोळ्यांचा मारा करण्याचे परिणाम आज आपण भोगतोच आहोत. म्हणजे मणी चूक करू शकतात. पण चूक कुठल्या बाजूला करायची हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. एका बाळाला जास्तीचं औषध गेलं तर चालेल, पण न्यूमोनियाचं बाळ सुटता कामा नये. जिथं दवाखाना एक दिवसाच्या अंतरावर आहे, तिथं हाच हिशोब बरोबर.

आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे यंत्र एकटं नव्हतं. निदान झालं की त्याच माणसाच्या पिशवीत औषध होतं. गावातले आरोग्यकर्मी, सुईणी यांना औषध द्यायला शिकवलं होतं. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. जिथं हे उपचार झाले त्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली, आणि जिथं हे काम नव्हतं तिथं १३.५ टक्के. हा फरक मण्यांनी पाडला असं मी म्हणणार नाही. मणी, औषध आणि ते देण्याचा अधिकार असलेली गावची बाई, या तिघांनी मिळून पाडला. यातलं एक काढा, बाकीचे दोन निकामी.

देखरेख कमी करणारा शोध

दुसरं उदाहरण यंत्राचं नाही, पण माझ्या मुद्द्याला ते फार जवळचं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले, काम केलं कोकणात, महाडजवळ. तिथं लाल विंचू चावून धडधाकट माणसं, पोरं मरायची. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हा तरुण डॉक्टर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिला. घाम किती, हातपाय गार कधी पडले, रक्तदाब कधी चढला, कधी उतरला, फुप्फुसात पाणी कधी भरलं, सगळं लिहून काढलं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'नं छापलं. आज ज्याला आपण 'पेशंट मॉनिटर' म्हणतो, तो पडदा म्हणजे खरं तर हेच. कुणीतरी बसून, न कंटाळता, दर थोड्या वेळानं बघणं.

आता पुढची गोष्ट ऐका. त्यांनी आधी एक औषध वापरलं, ते सलाईनमधून थेंब-थेंब द्यावं लागायचं. औषध गुणकारी, पण रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, म्हणून सतत रक्तदाब बघत बसावं लागतं. खेड्यात हे कोण करणार? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, रक्तदाब सतत मोजणारं यंत्र आणा. बावस्करांनी प्राझोसिन ही गोळी शोधून काढली. शोधून म्हणजे, गोळी रक्तदाबासाठी आधीपासून होती, ती विंचवाच्या विषावर चालते हे त्यांनी दाखवून दिलं. तोंडातून द्यायची, कुठल्याही आरोग्य केंद्रात मिळते.

हे मी का सांगतोय? कारण उपकरणं शोधणाऱ्या पोरांचं एक गृहीत असतं: लक्ष ठेवायचं आहे ना, मग अजून मोजू, अजून तारा लावू, अजून आकडे दाखवू. बावस्करांचा धडा वेगळा आहे. आधी विचारा, एवढं लक्ष ठेवावं लागू नये असं काही करता येईल का?

बोटावरचा चिमटा

आता जगभर गाजलेलं यंत्र घेऊ. ऑक्सिमीटर. २०२१ च्या उन्हाळ्यात हे नाव माहीत नाही असं घर उरलं नाही.

याचा शोध फार देखणा आहे. जपानमध्ये ताकुओ आओयागी नावाचे अभियंते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कानातून प्रकाश सोडून रक्ताभिसरण मोजायचा प्रयत्न करत होते. नाडीच्या ठोक्यामुळं त्यांचा आलेख सारखा हलायचा, मोजणी बिघडायची. ते हलणं घालवायच्या नादात त्यांच्या लक्षात आलं की हलणाऱ्या भागातच धमनीतल्या रक्ताची माहिती आहे. एक लाल प्रकाश, एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश. ऑक्सिजन असलेलं रक्त एक जास्त शोषतं, नसलेलं दुसरा. दोन्हींचं प्रमाण काढलं की आकडा मिळतो. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं. एप्रिल २०२० मध्ये ते वारले, म्हणजे सगळं जग त्यांचं यंत्र शोधत होतं तेव्हाच.

आता दोष. प्रमाणावरून आकडा काढायचा तर एक कोष्टक लागतं. हे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांवर बसवलं जातं, आणि ते बहुतेक गोऱ्या कातडीचे होते. काळ्या कातडीत प्रकाश वेगळा वागतो. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतली पाहणी आली. यंत्र ९२ ते ९६ दाखवत होतं, पण धमनीतलं रक्त तपासलं तर ८८ च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा झालं आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. जवळजवळ तिप्पट. आणि चूक कुठल्या बाजूला? धोका लपवण्याच्या बाजूला. मण्यांच्या नेमकी उलट.

अशी शंका १९९० मध्येच छापून आली होती. तीस वर्षं कुणी फार मनावर घेतलं नाही, कारण ज्यांच्या बोटाला यंत्र चुकत होतं त्यांच्या हातात कोष्टक नव्हतं.

आता आपल्या बोटांकडं बघा. उन्हात रापलेली, उसाच्या पाचटानं चिरलेली, भेगा पडलेली. कार्तिकातल्या पहाटे थंडीनं गारठलेली. बायकांच्या नखांवर रंग. गार बोटात रक्त कमी, मग नाडीचा इशाराच अशक्त. अशा बोटांवर या यंत्राची किती कसून परीक्षा झाली?

इथं मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे चुलते गावी आजारी पडले. खाटा कुठंच मिळत नव्हत्या. मी यंत्रातला माणूस, घरात माझाच शब्द. मीच घेऊन गेलेलं ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावलं. ९४. तासाभरानं ९५. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, ठीक आहे, उद्यापर्यंत थांबू. काकू म्हणाल्या, "आरं, पण त्यांला बोलताना दम लागतोय." मी म्हटलं, "काकू, आकडा चांगलाय." दुसऱ्या दिवशी नेलं. चौथ्या दिवशी ते गेले.

यंत्र चुकलं होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित बरोबर असेल आणि आजारच झपाट्यानं वाढला असेल. पण एक गोष्ट मला ठाऊक आहे. त्या रात्री त्यांचा श्वास मी मोजला नाही. तेव्हाच्या सरकारी सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं की ऑक्सिजनचा आकडा ९३ किंवा खाली असेल किंवा श्वास मिनिटाला २४ च्या वर असेल तर रुग्णाला दाखल करा. 'किंवा' होतं, 'आणि' नव्हतं. आकडा मी बघितला, कारण तो लाल अक्षरांत चमकत होता. श्वास चमकत नाही. काकूंनी तो बघितला होता. त्यांच्या हातात मणी असते तर त्यांनी मला गप्प केलं असतं.

ऑक्सिमीटर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. भूलतज्ज्ञांना विचारा, त्यानं किती जीव वाचवले. पण यंत्र घरात येतं तेव्हा ते घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी तोंड बंद करतं. बहुतेक वेळा बाईचं. हा दोष तारांचा नाही, म्हणून कुठल्याही चाचणीत सापडत नाही.

नव्वद दिवस आणि त्यानंतर

आता व्हेंटिलेटर. २०२० मध्ये पुण्यातल्या नोका रोबोटिक्स या तरुणांच्या कंपनीनं आयआयटी कानपूरच्या मदतीनं व्हेंटिलेटर बनवला. ही पोरं त्याआधी सौर पॅनेल पुसणारे रोबो बनवत होती! टाळेबंदीत सुटे भाग मिळेनात, तरी नव्वद दिवसांत यंत्र उभं केलं. त्यावर श्रीकांत शास्त्री आणि अमिताभ बंद्योपाध्याय यांनी 'द व्हेंटिलेटर प्रोजेक्ट' हे पुस्तकही लिहिलं. पराक्रम खराच आहे, त्यात शंका नाही.

माझी तक्रार पराक्रमावर नाही, गोष्टीच्या साच्यावर आहे. अशा सगळ्या गोष्टी यंत्र तयार झालं की संपतात. शेवटचं पान म्हणजे पहिलं यंत्र दवाखान्यात पोचलं. मी जिथं काम करतो तिथं ते पहिलं पान असतं.

त्या पहिल्या पानानंतर काय होऊ शकतं ते आपल्या मराठवाड्यानं २०२१ च्या मे महिन्यात बघितलं. हे वेगळ्या बनावटीचे व्हेंटिलेटर, पुण्याच्या कंपनीशी त्याचा काही संबंध नाही, हे नीट लक्षात घ्या. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयाकडं केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले. काही तिथं लावले, काही खाजगी दवाखान्यांना, काही भोवतालच्या जिल्ह्यांना दिले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं बातम्यांची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयापुढं जे आलं ते असं: ११३ वापरात आणले, ते सगळे सदोष निघाले, आणि ३७ खोक्यातच होते. केंद्राकडून बाजू मांडली गेली की यंत्रं चांगली आहेत, रुग्णालयांनीच नीट वापरली नाहीत. न्यायालयाला हे एकमेकांकडं बोट दाखवणं आवडलं नाही आणि त्यांनी तसं सुनावलं.

आता मी दुरुस्तीवाला म्हणून सांगतो. समजा, दोन्ही बाजू खऱ्या आहेत. समजा, यंत्र कारखान्यात उत्तम चाललं आणि वॉर्डात चाललं नाही. तर मग दोष कुणाचा? ऑक्सिजनच्या नळातला दाब कमी-जास्त होतो, वीज जाते-येते, सेन्सर बदलायला मिळत नाही, रात्रपाळीच्या सिस्टरला एक तास शिकवून सोडलेलं असतं. हे सगळं आपल्याकडं नेहमीचं आहे. नेहमीच्या परिस्थितीत जे चालत नाही त्याला "वापरणाऱ्याची चूक" म्हणायचं का? ज्या चपलेनं मुरमावर पाय कापतो, ती चप्पल या गावासाठी नाही. पायाला दोष देऊन काय उपयोग?

काचेची नळी आणि रबरी फुगा

मग या डोंगरात काय हवं? दोन गोष्टी सांगतो, दोन्ही जुन्या.

इथं साप आहेत. घोणस, फुरसं, नाग, मण्यार, चारही विषारी. उसाच्या फडात, गुरांच्या गोठ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. घोणस आणि फुरसं चावलं तर रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदा तिरपं करायचं. रक्त पातळच वाहिलं तर विष अंगात भिनलंय, प्रतिविष द्या. नळी काचेचीच पाहिजे, प्लॅस्टिकची नको, कारण काचेच्या स्पर्शानं गोठण्याची क्रिया सुरू होते. आणि ती साबणाच्या पावडरीनं धुतलेली नको, त्यानंही निकाल फसतो. बघा, एवढ्या साध्या गोष्टीतही ज्ञान आहे. मी कितीतरी ठिकाणी बघितलंय, लाखाची यंत्रं आहेत आणि काचेची नळी नाही.

दुसरं, मण्यार. तिच्या विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात. माणूस आतून शुद्धीवर असू शकतो, पण श्वास घेता येत नाही. त्याला वाटेत कुणीतरी श्वास देत राहिलं तर तो वाचतो. त्यासाठी अंबू बॅग, तो रबरी फुगा. त्याचा इतिहास ऐका. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वास देणारी यंत्रं मोजकीच. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं घशात नळी घालून हातानं पिशवी दाबत श्वास द्यायला सुरुवात केली, आणि सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मानतात. म्हणजे पहिलं व्हेंटिलेटरचं इंजिन माणसाचा हात. पुढं १९५६ मध्ये होल्गर हेसे आणि हेनिंग रूबेन यांनी आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आणली. तिला गॅस लागत नाही, वीज लागत नाही. गडचिरोलीत तर जन्मतः न रडणाऱ्या बाळासाठी गावच्या आरोग्यदूत बायकांनी ती वापरली.

पण ती दाबणंही शिकावं लागतं. मुखवटा तोंडावर घट्ट बसला पाहिजे, मान योग्य कोनात पाहिजे. मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास. घाबरलेला माणूस भराभर दाबतो आणि हवा पोटात जाते. म्हणून वर्षातून एकदा भाषण करून भागत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

२०१४ पासून आपल्याकडं १०८ ची रुग्णवाहिका आहे, तिच्यात डॉक्टर असतो, ही फार मोठी गोष्ट झाली. पण ती येईपर्यंतची वेळ आपली असते. यात्रेच्या दिवसांत गर्दीतून गाडी खाली उतरायला आणि वर चढायला किती वेळ लागेल, तुम्हीच सांगा. माझी मागणी एवढीच आहे: दर दिंडीमागं दोन माणसं अशी असावीत की ज्यांना श्वास मोजता येतो, छाती दाबता येते आणि फुगा धरता येतो. त्यातली एक बाई असावी. मग त्यांच्या हातात कुठलं यंत्र द्यायचं ते ठरवू. माणूस आधी, यंत्र नंतर.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका आशाताईंनी विचारलं:* "सर, आमच्याकडं थर्मामीटर दिलाय, वजनकाटा दिलाय, घड्याळ दिलंय. बाळाचं सगळं मोजतो आम्ही. पण मोजलेलं लिहून वर पाठवायचं, आणि बाळ जास्त आजारी निघालं तर आमच्या हातात काय? नुसतं 'दवाखान्यात न्या' म्हणायचं. घरचे म्हणतात, तुमचं मोजून काय उपयोग?"

ताई, अर्ध्या तासात मी जे सांगितलं ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. गडचिरोलीत मणी सरकवणाऱ्या बाईच्या पिशवीत औषध होतं आणि ते द्यायचा अधिकार होता. आपण ते काम देशभर नेलं तेव्हा मोजण्याची साधनं नेली, अधिकार मात्र हात आखडता घेऊन दिला. त्याला कारणं आहेत, चुकीच्या औषधांची भीती खोटी नाही. पण मोजणाऱ्याला काही करता येत नसेल तर मोजणं हळूहळू रजिस्टर भरण्यापुरतं उरतं. तुम्ही मोजणं सोडू नका. आणि वर बैठक असेल तेव्हा हाच प्रश्न, याच शब्दांत विचारा. मी दहा वेळा विचारण्यापेक्षा तुम्ही एकदा विचारलेला बरा.

*एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं विचारलं:* "सर, तुम्ही सगळं जुनंच चांगलं म्हणताय. मग आम्ही नवीन काही करायचंच नाही का?"

करायचं, जरूर करायचं. मणी पण एकेकाळी नवीनच होते की! चांगलं नवीन कसं असतं त्याची दोन उदाहरणं देतो. आयआयटी मुंबईत 'बेटिक' नावाचं केंद्र प्रा. बी. रवी यांनी उभं केलं. तिथं डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसतात. तिथून 'आयुसिंक' नावाचं एक छोटं साधन निघालं. डॉक्टरच्या नेहमीच्या स्टेथोस्कोपला ते जोडायचं. आवाज मोठा होतो, दूरवर पाठवता येतो. मला आवडलं ते हे की त्यांनी डॉक्टरच्या गळ्यातलं काढून घेतलं नाही, त्यालाच जोड दिली.

दुसरं, 'बायोसेन्स'. मिश्किन इंगवले आणि त्यांच्या सोबत्यांनी सुई न टोचता हिमोग्लोबिन मोजणारं यंत्र बनवलं. २०१२ च्या टेड व्यासपीठावरचं त्यांचं भाषण जगभर गाजलं. पण त्याच कंपनीनं नंतर बाजारात आणलेलं 'ट्रूएचबी' हे यंत्र बोटातून रक्ताचा एक थेंब घेतं, पट्टीवर तपासतं. कुणी म्हणेल, माघार घेतली. मी म्हणेन, ही खरी प्रगती. टाळ्या सुईशिवायच्या यंत्राला मिळाल्या होत्या, तरी थेंब घेणारं साधं यंत्र आणायला त्यांनी कमीपणा मानला नाही. बनवणाऱ्याकडं एवढं धैर्य पाहिजे.

तुला गृहपाठ देतो. प्रकल्प निवडण्याआधी एक रात्र ग्रामीण रुग्णालयाच्या वॉर्डात सिस्टरशेजारी बसून काढ. कुठल्या यंत्राचा भोंगा वाजला की ती उठते आणि कुठल्या यंत्राचा वाजला की नुसता बंद करते, एवढंच वहीत लिही. दुसऱ्या दिवशी तुला विषय शोधत बसावं लागणार नाही. आणि पुढच्या कार्तिकीला इथं ये. यंत्र तयार नसलं तरी ये. दिंडीबरोबर दोन दिवस चाल, आणि कुणाला दम लागला तर आधी त्याच्या छातीकडं बघ, श्वास मोज. पडद्याकडं नंतर बघता येईल.